एक छोटी रंगीत पिशवी : महिला मंडळांसाठी अभ्यासपाठ




जून महिन्यात शाळा सुरू होतील. त्याआधी वसतिगृहात येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी क्रोशाची एकेक छोटी पिशवी विणून द्यावी, अशी सूचना काही मंडळ्यांच्या महिला मंडळांकडून आली. पिशवी कशी करायची हे मी लिहावे, असे मला सांगण्यात आले. कृती मी पुढे दिलीच आहे. पण नुसती कृती दिली तर काम अर्धेच होईल. आपण ती का करतो, कोणासाठी करतो आणि करताना काय टाळतो, याचाही विचार व्हायला हवा. म्हणून या अंकातला पाठ दोन्ही मिळून आहे. मंडळात बसून सुया हातात घेऊनच तो वाचावा.

वाचनासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९, ओवी ३६ ते ४२.

दुर्कसबाईंनी काय केले होते?

हा भाग आपल्या ओळखीचा आहे. यापो नगरात टबीथा नावाची शिष्या होती. ग्रीक भाषेत तिला दुर्कस म्हणत, म्हणजे हरिणी. ती सत्कृत्ये व दानधर्म करण्यात तत्पर होती. ती आजारी पडून मरण पावली. शिष्यांनी लोद गावाहून पेत्राला बोलावून घेतले. पेत्र माडीवर गेला, तेव्हा विधवा रडत उभ्या होत्या आणि दुर्कसने केलेले अंगरखे व कपडे त्याला दाखवत होत्या.

यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली गोष्ट, लूक आपल्याला कपड्यांची संख्या सांगत नाही. किती विधवांना मदत झाली, किती वार कापड लागले, याचा हिशेब तिथे नाही. त्या विधवांच्या हातात कपडे आहेत, एवढेच तो दाखवतो. दुर्कसबद्दलची साक्ष तिने स्वतः दिली नाही. ज्यांच्यासाठी कपडे शिवले होते, त्यांनी ती दिली.

दुसरी गोष्ट, ती त्यांच्याबरोबर असताना तिने हे कपडे केले, असे तिथे म्हटले आहे. हे शब्द आपण वाचताना सहज ओलांडून जातो. तिने ते दुरून पाठवले नव्हते. त्या बायका तिला ओळखत होत्या आणि ती त्यांना ओळखत होती. कोणाचे खांदे रुंद, कोणाला थंडी जास्त वाजते, कोणाचा अंगरखा कोपरावर विरला आहे, हे तिला माहीत असणार. माप घेतल्याशिवाय अंगरखा होत नाही, आणि जवळ गेल्याशिवाय माप घेता येत नाही.

आपल्या पिशवीलाही हीच कसोटी लावू या. ती कोणासाठी आहे?

ज्याच्यासाठी करायची ते मूल

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतली अनेक कुटुंबे भाताची कापणी झाली, दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात. पाऊस जवळ आला की परत येतात. घरात थांबायला आजी-आजोबा नसतील तर मुलेही बरोबर जातात आणि शाळा सुटते. आपली वसतिगृहे आणि सरकारी आश्रमशाळा यांचा मोठा उपयोग इथे होतो. आईबाप भट्टीवर असले तरी मूल वर्गात राहते.

पण आईबापांपासून सहा-सहा महिने दूर राहणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाकडे स्वतःचे असे काय असते? एक पत्र्याची पेटी. गणवेश सगळ्यांसारखा, ताट-वाटी सगळ्यांसारखी, चादर सगळ्यांसारखी. शिस्तीसाठी ते बरोबरच आहे. मात्र सगळेच सारखे असले की "हे माझे" म्हणायला काही उरत नाही.

मागच्या वर्षी मी दुसरीतल्या एका मुलीला पिशवी दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "बाई, परत द्यायची नाही ना?" मी नाही म्हटल्यावर तिने ती पोलक्याच्या आत सरकवली. नंतर मी पाहिले, त्यात पेन्सिलीचा तुकडा, फणी, मूठभर चिंचोके आणि आईने निघताना केसांना लावून दिलेली रिबीन होती. आपण पिशवी देतो. ती कशाने भरायची हे मूल ठरवते. म्हणून ती आत काही न घालता, रिकामी द्यावी. बिस्किटाचा पुडा किंवा शास्त्रातील वचनाचे कार्ड द्यायचे असेल, तर ते वेगळे हातात द्यावे.

आता कृतीकडे येऊ.

साहित्य

मध्यम जाडीची अ‍ॅक्रिलिक लोकर, पाच रंगांत, प्रत्येक रंग साधारण १० ग्रॅम. पट्ट्यासाठी त्यातल्याच एका रंगाची आणखी १० ग्रॅम. ४ मि.मी.ची क्रोशाची सुई, लोकर ओवता येईल अशी बोथट टोकाची जाड सुई, कात्री आणि खुणेसाठी एक सेफ्टी पिन.

घरातली उरलेली लोकर चालेल, पण सगळ्या रंगांची जाडी सारखी पाहिजे. जाड-बारीक मिसळले तर पिशवी मध्येच आवळते. जुना स्वेटर उसवून काढलेली लोकर ओढून पाहा. सहज तुटत असेल तर वापरू नका. गरिबाला द्यायचे म्हणून कमी प्रतीचे चालेल, हा विचार आपल्या मंडळात नको.

अ‍ॅक्रिलिकच का, असे कोणी विचारील. खऱ्या लोकरीला कसर लागते आणि ती धुताना जपावी लागते. सुती दोरा छान दिसतो, पण पावसाळ्यात लवकर वाळत नाही. अ‍ॅक्रिलिक लवकर वाळते आणि साध्या साबणाने धुता येते. त्याचा एक दोष मात्र लक्षात ठेवा, आच लागली की ते वितळते. चुलीजवळ पिशवी गळ्यात घालून बसू नये, हे देताना मुलांना सांगा.

गडद रंग जातो का, हेही आधी पाहा. लोकरीचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून धरा. डाग उमटला तर तो रंग बाजूला ठेवा.

कृती

सगळी पिशवी मुक्या खांबाची आहे. म्हणजे सुई टाक्यात घालायची, धागा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फास होतात; पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. साधा खांब घातला तर काम लवकर उरकते, पण दोन खांबांमध्ये फट राहते आणि पेन्सिल, चिंचोके त्यातून गळतात. मुक्या खांबाची वीण घट्ट बसते.

१. पहिल्या रंगाने २६ साखळ्या घाला. सुईजवळची पहिली साखळी सोडा. दुसरीपासून प्रत्येक साखळीत एक मुका खांब घाला. २५ खांब होतील.

२. आता काम उलटवू नका. टोकाला वळून त्याच साखळ्यांच्या खालच्या कडेवर परत या. त्या बाजूलाही २५ खांब घाला. एकूण ५० झाले. पिशवीचा तळ असा तयार होतो, शिवण घालावी लागत नाही.

३. पुढे जोड न घेता गोल गोल विणत जा. फेरीच्या पहिल्या टाक्याला सेफ्टी पिन लावा आणि प्रत्येक फेरीला ती वर सरकवा. दर फेरीत ५० खांब मोजा. पहिल्या तीन फेऱ्यांत काळजीने मोजले की पुढे हात आपोआप चालतो.

४. तळाची फेरी धरून सहा फेऱ्या झाल्या की रंग बदला. शेवटच्या खांबाचे दोन फास सुईवर असताना जुना धागा सोडून नव्या रंगाने ते काढा. पुढचा टाका नव्या रंगाचा सुरू होतो. जुन्या धाग्याचे १५ सें.मी. टोक ठेवून कापा.

५. पाच रंगांच्या सहा-सहा फेऱ्या, म्हणजे एकूण ३० फेऱ्या. पिशवी साधारण १४ सें.मी. रुंद आणि १५ सें.मी. उंच होते. खुणेची पिन हळूहळू कडेपासून सरकलेली दिसेल. मुका खांब किंचित तिरका बसतो म्हणून असे होते. चिंता करू नका. शेवटी पिशवी सपाट ठेवून दोन्ही कडा नव्याने ठरवा आणि त्यांच्यामध्ये २५-२५ टाके आहेत याची खात्री करा.

६. पट्टा : १६१ साखळ्या घाला, एक सोडून परत येताना १६० मुके खांब घाला आणि दुसऱ्या कडेवरही तसेच घाला. लांबी ९० सें.मी.च्या आसपास होईल. पट्टा ताणला जातो, म्हणून मोजताना हलकेच ओढून मोजा. दोन्ही टोके पिशवीच्या कडांना आतल्या बाजूने, निदान चार टाके खोल, दुहेरी शिवून टाका.

७. बटण : प्लॅस्टिकचे बटण लावू नका, लहान मुले ते तोडून तोंडात घालतात. दोन साखळ्या घालून पहिलीत सहा मुके खांब घाला. पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे बारा. एक फेरी बारांचीच. मग दोन-दोन टाके एकत्र घेऊन पुन्हा सहा करा. कापलेली धाग्यांची टोके आत भरा आणि तोंड आवळून घ्या. हा गोळा पुढच्या बाजूला मधोमध, काठापासून दोन बोटे खाली पक्का शिवा. मागच्या काठावर मधोमध १४ साखळ्यांचा फास करा. तो गोळ्यावरून बसतो ना, हे पाहूनच फास पक्का करा.

८. टोके लपवणे : प्रत्येक टोक जाड सुईत ओवून आतल्या बाजूने ६ सें.मी. न्या, मग उलट दिशेने दोन-तीन टाके परत आणा. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असते, नुसती गाठ मारून कापले तर दोन धुण्यांत सुटते.

सरावलेल्या हाताला सगळे मिळून तीन-चार तास लागतात. झाल्यावर पिशवीत दोन-तीन पेन्सिली आणि मूठभर चिंचोके घालून उलटी करून हलवा. काही गळले नाही, पट्टा हलला नाही, तर पिशवी द्यायला तयार आहे.

लांब पट्ट्याची पिशवी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, गळ्याला अडकण्याची भीती असते. अंगणवाडीतल्या मुलांसाठी मनगटात घालायचा २० सें.मी.चा बंद पुरे. मोठ्या मुलांनीही झाडावर चढताना आणि झोपताना ती काढून ठेवावी.

रंग कोणते घ्यावेत?

रंगांना धड्यातले अर्थ लावण्याची आपल्या संडे स्कूलमध्ये जुनी सवय आहे : काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे रक्त, पांढरा म्हणजे शुद्धता. हे पिशवीवर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मुलाला शहरात गेल्यावर आपल्या रंगावरून बोलणी ऐकावी लागणार आहेत, त्याला आपण भेटीबरोबर काळा म्हणजे पाप असे शिकवायचे का? देवाने रात्रही केली आणि ओली काळी मातीही केली.

शक्य असेल तिथे मुलालाच रंग निवडू द्या. लोकरीचे तुकडे एका दोऱ्यात बांधून वसतिगृहात पाठवा. प्रत्येक मूल पाच रंग आणि त्यांचा क्रम सांगेल, गृहमाता ते नावापुढे लिहून घेईल. याने काम थोडे वाढते. पण दुर्कसबाईंनी जसे माप घेतले, तसे आपल्याला इतकेच घेता येते. अशी पिशवी मुलाच्या हातात पडते तेव्हा कोणीतरी आपले ऐकले, हे त्याला समजते.

क्रोशा आणि मिशन : एक जुना धडा

क्रोशाचा आणि मिशनच्या कामाचा संबंध जुना आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि मोठा दुष्काळ पडला. तेव्हा जोगिणींनी आणि इतर स्त्रियांनी उपाशी घरांतल्या बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली. तिच्या विक्रीवर अनेक घरांनी दिवस काढले. आपल्या देशात आंध्र प्रदेशातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी बायकांना ही लेस शिकवली. पुढे तिचा मोठा धंदा झाला आणि माल परदेशात जाऊ लागला.

यापुढची गोष्टही आपण ऐकली पाहिजे. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी नरसापूरच्या लेस करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि त्यांचे पुस्तक १९८२ साली निघाले. घरी बसून दिवसाचे कित्येक तास लेस विणणाऱ्या या बायकांना कोणी कामगार मानत नव्हते. त्या घरी बसलेल्या गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात, असे म्हणून त्यांना अगदी थोडी मजुरी मिळत होती. नफा व्यापाऱ्यांकडे जात होता. चांगल्या हेतूने दिलेली कला दुसऱ्यांच्या हाती स्वस्त मजुरीचे साधन झाली.

हे मी का सांगते? आपल्यापैकी काहींनी सुचवले आहे की वसतिगृहातल्या मुलींना क्रोशा शिकवावा आणि त्यांनी केलेल्या पिशव्या नाताळच्या विक्रीत ठेवाव्यात. मुलींना शिकवावे, यात दुमत नाही. त्यांच्या बोटांना काम आवडते आणि आपली पिशवी आपण केली याचा आनंद वेगळाच असतो. पण मुलींनी ऑर्डरी पुऱ्या कराव्यात, हे मला मान्य नाही. त्यांचा वेळ अभ्यासाचा आणि खेळण्याचा आहे. विक्रीसाठी पिशव्या करायच्या असतील तर त्या गावातल्या मोठ्या बायकांनी कराव्यात आणि त्याची मजुरी तासांवर ठरावी. चार तासांचे काम असेल तर चार तासांचे दाम. "मदत म्हणून घेतो" असे म्हणून भाव पाडू नये. विकणारे आपण असलो तर हिशेब त्यांना दाखवावा.

हाग्गय संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातली सहावी ओवी पाहा. मजूर मजुरी मिळवतो आणि ती भोके असलेल्या पिशवीत टाकतो. संदेष्टा तिथे देवाचे मंदिर ओसाड ठेवून स्वतःच्या घरांत रमलेल्या लोकांना बोलतो आहे, हे खरे. तरी हे चित्र वाचताना मला वीटभट्टीवरची कुटुंबे आठवतात. दिवाळीआधी उचल घेतलेली असते. सगळा हंगाम तिच्या फेडीत जातो. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा पिशवीत फार थोडे उरते. एका हाताने मुलाला घट्ट विणीची पिशवी द्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याच्या आईच्या मजुरीच्या पिशवीला भोक ठेवायचे, असे आपल्याकडून होऊ नये.

देताना पाळायच्या चार गोष्टी

पिशवी वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाला मिळावी. प्रार्थनेला कोण येतो, कोणाच्या घरी कोणता देव आहे, हे पाहू नये. प्रेमाला अट जोडली की ते देणे राहत नाही, व्यवहार होतो.

रांगेत उभे करून, हातात पिशवी धरायला लावून मुलांचे फोटो काढू नयेत. यापोमधल्या विधवांनी कपडे दाखवले ते स्वतःच्या इच्छेने आणि प्रेमाने दाखवले.

आत एक कापडी पट्टी शिवून मुलाचे नाव लिहावे. देणाऱ्या मंडळीचे नाव लिहू नये.

आणि शक्य असेल त्यांनी स्वतः जाऊन पिशव्या द्याव्यात. एक दिवस मुलांबरोबर जेवावे, त्यांची गाणी ऐकावीत. ज्या बहिणींना प्रवास झेपत नाही, त्यांनी ज्या मुलासाठी विणले त्याचे नाव घेऊन रोज प्रार्थना करावी. हेही बरोबर असणेच आहे.

तयार पिशव्या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपापल्या महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंकडे द्याव्यात.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. दुर्कसने कपडे केले आणि ती त्या बायकांबरोबरही राहिली. आपल्या दानधर्मात यातली कोणती गोष्ट जास्त आणि कोणती कमी आहे?

२. आपल्याला मिळालेली अशी एखादी वस्तू आठवा, जी देणाऱ्याने आपला विचार करून निवडली होती. ती वेगळी का वाटली?

३. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंची मजुरी आपण कशी ठरवतो? हाग्गयाची ओवी त्याबद्दल आपल्याला काय विचारते?

४. मुलाने रंग स्वतः निवडणे आणि आपण निवडून देणे, यांत फरक काय?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आमच्या हातांना काम दिलेस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. ज्या लेकरांसाठी आम्ही विणतो त्यांची नावे तुला ठाऊक आहेत. त्यांच्या आईबापांना भट्टीवरून सुखरूप घरी आण आणि त्यांच्या कष्टाचे पुरते दाम त्यांच्या हाती पडू दे. आमच्या देण्यात मोठेपणा येऊ देऊ नकोस. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.